एक वाव लांबीचं धनुष्य

माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर दोरखंड मोजायला टेप लागत नाही. दोन्ही हात आडवे पसरायचे, दोर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत ताणायचा, की झाली एक वाव. किनाऱ्यावरचे कोळी पाण्याची खोली आणि दोराची लांबी पिढ्यान्‌पिढ्या याच मापात सांगत आले. प्रौढ माणसाची वाव सहा फुटांच्या आसपास भरते. प्रत्येकाची वाव वेगळी असते आणि ती बहुतेकदा त्याच्या उंचीच्या जवळपास येते.

धनुष्य घ्यायला निघालेल्या माणसाला नेमकं हेच माप हवं असतं. तो दुकानात जातो आणि विचारतो, "कोणतं धनुष्य चांगलं?" खरा प्रश्न आहे, "माझ्या हातांना किती लांबीचं?" तिरंदाजीत नवख्यांचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते या एका प्रश्नाला बगल दिल्यामुळे. कंपनीचं नाव, रंग, कार्बनचे थर, सगळं पाहिलं जातं. लांबी मात्र दुकानात जी शिल्लक असेल ती घेतली जाते. मग सहा महिन्यांनी बोटं दुखतात, बाण डावी-उजवीकडे विखुरतात आणि दोष सरावाला दिला जातो.

लांबी ठरते ती ओढीवरून. धनुष्य पूर्ण ताणल्यावर दोरी मुठीपासून जेवढी मागे येते तेवढी त्या माणसाची ओढ. खेळाडू तिला ड्रॉ लेंग्थ म्हणतात. अधिकृत मोजणीत बाणाच्या खाचेपासून मुठीच्या सर्वांत खोल बिंदूपर्यंतचं अंतर घेतात आणि त्यात पावणेदोन इंच मिळवतात. घरच्या घरी अंदाज काढायचा तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, हात खांद्याच्या रेषेत सहज पसरायचे (ओढूनताणून नव्हे, नाहीतर माप खोटं येतं) आणि मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत कोणाकडून तरी मोजून घ्यायचं. या आकड्याला अडीचने भागलं की ओढ मिळते. 168 सेंटिमीटर, म्हणजे 66 इंच वाव असेल, तर ओढ साडेसव्वीस इंचांच्या जवळ. 70 इंच वाव असलेल्याची 28.

हा पहिला अंदाज झाला. नक्की आकडा मिळतो तो हलकं धनुष्य प्रत्यक्ष ओढून, लांब बाणावर इंचांच्या खुणा करून, आणि शेजारी उभ्या माणसाला बघायला सांगून. नवशिक्याचा खांदा सुरुवातीला वर उचललेला असतो आणि कोपर पुरतं मागे जात नाही. पाठीचे स्नायू कामाला लागले की पहिल्या काही महिन्यांत ओढ इंचभर वाढते. म्हणून जाणते प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात कोणालाही धनुष्य विकत घेऊ देत नाहीत. तोवर संस्थेचं धनुष्य वापरायचं. हा सल्ला कंटाळवाणा वाटतो, पण तिरंदाजीतला तो सर्वांत जास्त पैसे वाचवणारा सल्ला आहे.

आता लांबी चुकली तर बिघडतं काय?

धनुष्य ताणलं की दोरीचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा कोन होतो आणि त्या कोनाच्या टोकाशी तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका असतात. ओढ लांब आणि धनुष्य आखूड असेल तर कोन अरुंद होतो. दोरी वरच्या आणि खालच्या बोटाला मधल्या बोटाकडे दाबते, बाणाची शेपटी त्यात चिमटली जाते आणि सोडताना बोटं एकदम सुटत नाहीत. त्या क्षणी दोरी किंचित बाजूला सरकते. एवढंसं सरकणं लांबच्या लक्ष्यावर बाणाला आतल्या कड्यातून बाहेर नेतं. दुसरा त्रास वजनाचा. आखूड धनुष्याची पाती, म्हणजे मुठीच्या वर-खालचे वाकणारे भाग, शेवटच्या इंच-दोन इंचांत जवळजवळ संपूर्ण वाकलेली असतात आणि तिथे ओढ एकाएकी जड होते. निशाणा धरण्याची हीच वेळ. श्वास स्थिर ठेवायचा, हात स्थिर ठेवायचा आणि नेमकं तेव्हाच धनुष्य अंगावर धावून येतं.

उलट चूक कमी त्रासदायक असते, पण असते. ओढ 24 इंचांची आणि धनुष्य 70 इंचांचं असेल तर पाती पुरेशी उलगडतच नाहीत. त्यांची ताकद वापरलीच जात नाही, शिवाय लांब पात्यांचं जास्तीचं वजनही हलवावं लागतं. बाण संथ जातो, वाटेत जास्त खाली येतो. तरीही दोन मापांच्या मधोमध अडकलेल्या निशाणबाजाने लांबच्या मापाकडे झुकावं, असं बहुतेक जाणकार सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. लांब धनुष्य हातात सहजासहजी डगमगत नाही, बोटांना मोकळं ठेवतं आणि सोडतानाची लहानशी चूक पोटात घालतं. बाणाच्या वेगात होणारा थोडा तोटा या बदल्यात चालतो.

ऑलिम्पिकमध्ये जे धनुष्य दिसतं ते रिकर्व्ह. त्याच्या पात्यांची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असतात. आज ते तीन तुकड्यांत मिळतं. मधला धातूचा मुठीचा भाग म्हणजे रायझर, आणि वरखाली बसवायची दोन लवचिक पाती म्हणजे लिम्ब. प्रौढांचा नेहमीचा रायझर 25 इंचांचा. त्यावर आखूड लिम्ब बसवले की धनुष्य 66 इंचांचं, मध्यम बसवले की 68 आणि लांब बसवले की 70. रायझर 23 इंचांचा घेतला तर हेच आकडे दोन-दोन इंचांनी उतरतात आणि 27 इंचांचा घेतला तर चढतात. मग ओढीशी मेळ घालायचा. 24 इंचांपेक्षा कमी ओढीला 62 ते 64 इंचांचं धनुष्य, 24 ते 26 ला 64 ते 66, 26 ते 28 ला 66 ते 68, आणि त्यापुढे 68 ते 70. तीस इंचांच्या पलीकडे ओढ असलेल्या उंच माणसाने 72 चा विचार करावा. उत्पादकांचे तक्ते इंचभर इकडे-तिकडे होतात, मुख्य चौकट हीच राहते. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी 48 ते 54 इंचांची हलकी धनुष्यं असतात.

या आकड्यांकडे नीट पाहिलं तर एक गंमत दिसते. 66 इंच वाव असलेल्याची ओढ साडेसव्वीस आणि त्याला शोभणारं धनुष्य 66 ते 68 इंचांचं. 70 इंच वाव असलेल्याला 68 ते 70 इंचांचं. म्हणजे भिंतीशी हात पसरून मिळालेलं पहिलंच माप जवळजवळ धनुष्याची लांबी सांगून जातं.

ही गोष्ट आजच्या कारखान्यांनी शोधलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीच्या मापांच्या यादीत 96 अंगुलांचं एक माप आहे. त्याला दंड म्हणतात, धनुष म्हणतात आणि पौरुषही म्हणतात. धनुष्याची लांबी आणि पुरुषभर लांबी हे एकच माप मानलं गेलं होतं. अग्निपुराणातल्या धनुर्वेदाच्या भागात पायदळाच्या धनुष्याची प्रतवारीही दिली आहे. चार हातांचं उत्तम, साडेतीन हातांचं मध्यम, तीन हातांचं कनिष्ठ. हात दीड फुटाचा धरला तर हे होतात 72, 63 आणि 54 इंच. यातलं उत्तम माप आजच्या सर्वांत लांब ऑलिम्पिक धनुष्याशी जुळतं. आणि 'हात' हेही शरीराचंच माप, त्यामुळे उंच सैनिकाचं धनुष्य आपोआप लांब होत असणार.

परक्या माणसानेही हेच टिपलं. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या नोंदींच्या आधारे एरियन लिहितो की भारतीय पायदळाचं धनुष्य ते वाहणाऱ्या माणसाइतकं उंच असे. त्याचं एक टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायाचा रेटा देऊन ते ताणत, आणि बाण जवळजवळ तीन हात लांब असत. एवढ्या लांबीला कारण होतं. वेळू किंवा लाकूड एका मर्यादेपलीकडे वाकवलं की त्याच्या पोटाकडचे, म्हणजे ओढणाऱ्याच्या बाजूचे, धागे चुरडतात आणि पाठीकडचे तुटतात. लांब बाण पूर्ण ओढायचा, तर वाकण्याचा ताण जास्त लांबीवर पसरवावा लागतो. साध्या लाकडी धनुष्याची लांबी निदान ओढीच्या दुपटीहून थोडी जास्त हवी हा कारागिरांचा ठोकताळा त्यातूनच आला.

इंग्लंडच्या मेरी रोझ या युद्धनौकेने याचा भक्कम पुरावा जपून ठेवला. 1545 मध्ये ती बुडाली आणि 1982 मध्ये तिचा सांगाडा वर काढला गेला. समुद्रतळाच्या गाळात यू लाकडाची 137 अखंड धनुष्यं सापडली, सरासरी लांबी 1.98 मीटर. धनुर्धराच्या डोक्यावरून वर जाणारी ही धनुष्यं कानापर्यंत ओढली जात.

मग तुर्की आणि मंगोल घोडेस्वारांची धनुष्यं एवढी आखूड कशी? त्यांनी लाकडावर विसंबणंच सोडलं. पोटाच्या बाजूला शिंग, कारण शिंग दाब सोसतं. पाठीच्या बाजूला जनावरांचे स्नायुतंतू, कारण ते ताण सोसतात. मधे लाकडाचा पातळ गाभा आणि सगळं सरसाने जोडलेलं. अशा धनुष्याची लांबी सव्वा मीटरच्या आत-बाहेर असूनही ओढ पूर्ण मिळते. घोड्याच्या मानेवरून एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळवायचं तर लांब धनुष्य परवडलंच नसतं. कौटिल्याच्या यादीतही ताडाच्या, वेळूच्या आणि लाकडाच्या धनुष्यांबरोबर शिंगाचं धनुष्य आहेच. मात्र शिंग-स्नायूचं धनुष्य करायला महिनोन्‌महिने लागतात आणि सरस ओलाव्याला भितो. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात त्याची निगा राखणं किती अवघड गेलं असेल, हे मुंबईकराला समजावून सांगावं लागणार नाही.

जपानचा मार्ग आणखी वेगळा आहे. तिथलं युमी धनुष्य 221 सेंटिमीटरचं, म्हणजे सव्वासात फुटांचं, आणि मूठ मध्यावर नसते. ती खालच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर असते. बाणाची लांबी गळ्याच्या मध्यापासून पसरलेल्या डाव्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत मोजतात, म्हणजे बरोबर अर्धी वाव. ती 90 सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली तर पुढच्या मापाचं, 227 सेंटिमीटरचं युमी हाती देतात. एवढ्या निराळ्या परंपरेतही निवड शेवटी पसरलेल्या हातावर येते.

महाराष्ट्रात तीरकामठा आजही जिवंत आहे तो सातपुड्यात. नंदुरबारच्या अक्कलकुवा, धडगाव भागात भिलांच्या घरात वेळूचा कामठा असतो आणि त्याची दोरीसुद्धा वेळूच्या चिरलेल्या पट्टीची. अर्थशास्त्रात दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्याबरोबर वेळूचंही नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नोंदलेलं तंत्र अजून वापरात आहे याचं कौतुक शहरातल्या तिरंदाजांनी जितकं करायला हवं तितकं होत नाही. कामठा करणारा कारागीर टेप वापरत नाही. समोरच्या माणसाला उभं करतो आणि वेळूची कांडी त्याच्याशी ताडून पाहतो. सपाट मैदानावरच्या स्पर्धेचा विचार त्याला करायचा नसतो. झुडपांतून वाट काढायची, उतारावर गुडघा टेकायचा, फांदीखालून नेम धरायचा, असं त्या धनुष्याचं आयुष्य असतं.

शिकारीच्या धनुष्याची सगळी चर्चा इथेच येऊन मिळते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली, त्यामुळे माझगाव असो वा मेळघाट, शिकारीसाठी धनुष्य निवडण्याचा प्रश्न उरत नाही, आणि तो उरू नये हेच बरं. ज्या देशांत परवाने घेऊन ठरलेल्या हंगामात धनुष्याने शिकार होते, उदाहरणार्थ अमेरिकेच्या अनेक राज्यांत, तिथे रिकर्व्ह घेणारा 58 ते 62 इंचांचं धनुष्य पसंत करतो. झाडावरच्या मचाणावर किंवा आडोशाच्या तंबूत बसून ताणताना खालचं पातं मांडीला किंवा फळीला लागलं तर सगळंच फसतं. त्याचं अंतरही वीस-पंचवीस मीटरचं असतं आणि सोडायचा बाण एकच. बोटांवरचा चिमटा त्याला एका बाणापुरता सोसावा लागतो. स्पर्धेतल्या खेळाडूला तोच चिमटा दिवसातून शेकडो वेळा सोसायचा असतो. आंतरजालावर आकर्षक वाटणारं आखूड परदेशी धनुष्य मुंबईत लक्ष्यवेध शिकण्यासाठी मागवू नये, त्याचं कारण हे.

स्पर्धेतला रिकर्व्ह खेळाडू 70 मीटरवरून बाण सोडतो. लोकलचे साडेतीन डबे एकामागे एक उभे केले तर जेवढी लांबी होईल तेवढं हे अंतर. समोर 122 सेंटिमीटर व्यासाचा कागद आणि त्यात दहा गुणांचं वर्तुळ अवघं 12.2 सेंटिमीटरचं. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी त्याला आधी धावण्याकडे वळवलं, मग राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, अमरावतीला, त्याच्या हातात धनुष्य आलं. 2019 च्या जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय आणि अतनू दास यांच्यासोबत त्याने भारताला सांघिक रौप्य मिळवून दिलं आणि त्या कामगिरीतून टोकियो ऑलिम्पिकचं तिकीट आलं. 2021 च्या जुलैत, टोकियोच्या खाडीकाठच्या युमेनोशिमा मैदानावर, 72 बाणांत त्याने 720 पैकी 656 गुण घेतले आणि तीन भारतीय पुरुषांत तो पहिला राहिला. पुढे एकेरीच्या पहिल्या फेरीत जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गाल्सन बाझारझापोव्हला त्याने 6-0 हरवलं.

अशा मैदानावर समुद्राचं वारं लांब धनुष्याच्या पात्यांनाही ढकलतं. तरीही खेळाडू आपलं माप सोडून आखूड धनुष्याकडे जात नाहीत. स्पर्धेच्या 72 बाणांत आणि सरावातल्या हजारो बाणांत बोटं प्रत्येक वेळी सारखीच सुटणं हे वाऱ्याच्या त्रासापेक्षा मोलाचं असतं.

धनुष्याच्या वजनाचा आकडाही लांबीशी बांधलेला असतो आणि इथे पुष्कळ जण फसतात. लिम्बवर 68 इंच, 34 पाउंड असं लिहिलेलं असतं. ते वजन 25 इंचांच्या रायझरवर आणि 28 इंच ओढीला मोजलेलं. ओढ 26 इंच असलेल्या मुलीला त्याच लिम्बवर सुमारे 30 पाउंडच लागतील, कारण एका इंचाला साधारण दोन पाउंड कमी-जास्त होतात. तेच लिम्ब 23 इंचांच्या रायझरवर चढवले तर धनुष्य 66 इंचांचं होतं आणि दोन-एक पाउंडांनी जड. मैत्रिणीचं '34 पाउंडांचं' धनुष्य सहज ओढता आलं म्हणून तोच आकडा मागायचा, हे त्यामुळे चुकतं. लांबी आणि ओढ आधी, पाउंड नंतर.

कम्पाउंड धनुष्याने मात्र वाव आणि धनुष्य यांचं जुनं नातं तोडलं. अमेरिकेतल्या मिझुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना 1969 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पात्यांच्या टोकांना चक्रं आणि त्यांवरून फिरणाऱ्या केबल. ओढ मधल्या टप्प्यात जड असते आणि शेवटाला चक्रं वळली की एकदम हलकी होते. 60 पाउंडांचं धनुष्य 80 टक्के भार काढून टाकत असेल तर निशाणा धरताना हातावर फक्त 12 पाउंड राहतात. 60 पाउंड ही आंतरराष्ट्रीय स्पर्धेतली कमाल मर्यादाही आहे. इथे धनुष्याची लांबी एका चक्राच्या आसापासून दुसऱ्या चक्राच्या आसापर्यंत मोजतात. शिकारीच्या धनुष्यात ती 28 ते 34 इंच असते, स्पर्धेच्या धनुष्यात 36 ते 40. सहा फुटी माणूस तीन फुटांच्या धनुष्याने पूर्ण ओढ घेऊ शकतो, कारण ओढीचं माप चक्रातल्या तुकड्यावर ठरवून दिलेलं असतं, बहुतेकदा अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या टप्प्यांनी.

या सोयीमागे एक कडक अट आहे. रिकर्व्ह ओढताना ओढ अर्धा इंच चुकली तर शरीर थोडं सांभाळून घेतं. कम्पाउंडमध्ये ठरलेल्या जागी भिंत लागल्यासारखी ओढ थांबते. ती जागा खेळाडूच्या शरीराशी जुळली नाही तर कोपर, मान किंवा खांदा यांपैकी काहीतरी वाकडं होणारच. आस ते आस अंतर फार कमी असेल तर दोरीचा कोन अरुंद होऊन ती नाकाच्या टोकाला नीट टेकत नाही आणि दोरीतलं नेम धरण्याचं छिद्र डोळ्यापासून दूर जातं. म्हणून लांब ओढीचे स्पर्धक लांबच धनुष्य घेतात. शरीराचं माप इथेही टळत नाही, फक्त त्याचा हिशोब दुसऱ्या ठिकाणी होतो.

हा हिशोब किती अचूक जमू शकतो ते साताऱ्याने दाखवलं. उसाच्या शेतात तयार केलेल्या मैदानावर प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरहून आलेला ओजस देवतळे सराव करत. 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत, एकाच दिवशी, दोघंही कम्पाउंडचे एकेरी जगज्जेते झाले. सतरा वर्षांच्या अदितीने अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला 149-147 असं हरवलं. ओजसने पोलंडच्या लुकाश प्शिबिल्स्कीविरुद्ध पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारून 150-149 असा सामना घेतला. कम्पाउंडला अंतर 50 मीटर आणि दहाचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं. लहान मुलाच्या तळहाताएवढ्या जागेत पंधरा बाण. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णं आणली. ऑलिम्पिकमध्ये कम्पाउंडला आजवर जागा नव्हती. 2028 च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत मिश्र सांघिक प्रकार म्हणून ती मिळाली आहे.

मुंबईत, आणि माझगावसारख्या दाट वस्तीत, लांबीचा विचार आणखी एका कारणाने करावा लागतो. 70 मीटरची मोकळी, सुरक्षित जागा इथे सोन्याच्या भावाची. भंडारवाड्याच्या टेकडीवरची बाग लोकांच्या फिरण्याची, गल्ल्या क्रिकेटच्या. तिरंदाजी शिकायची तर दादरच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकासारख्या ठिकाणी जायचं, जिथे प्रशिक्षण मिळतं. म्हणजे डॉकयार्ड रोडला हार्बरची गाडी धरायची, सँडहर्स्ट रोडला उतरून जिन्याने खालच्या फलाटावर यायचं आणि दादरची गाडी पकडायची, हे सगळं धनुष्य घेऊन. 68 इंचांचं रिकर्व्ह सुटं केलं की सर्वांत लांब तुकडा 25 इंचांच्या आसपासचा, पाठीवरच्या पिशवीत बसणारा. 38 इंचांचं कम्पाउंड सुटं होत नाही, त्याची कडक पेटी संध्याकाळच्या गर्दीत सांभाळणं त्रासाचं. शिकण्याची सुरुवात सुट्या रिकर्व्हने करण्याला मुंबईत हे एक जादा कारण आहे.

घरात चाळीच्या गॅलरीतून किंवा गच्चीवरून बाण सोडायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. बाण न लावता दोरी ताणून सोडणंही तितकंच घातक, कारण बाणाकडे जाणारी सगळी ताकद पात्यांत परत शिरते आणि ती तडकू शकतात. घरचा सराव रबरी पट्ट्यावर करावा. जूनपासून ओलावा वाढला की लाकडी थर असलेले लिम्ब सरावानंतर पुसून, दोरी उतरवून, कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत. उन्हात बंद गाडीत धनुष्य ठेवलं तर थरांमधला चिकट पदार्थ सैल पडण्याची भीती असते.

वाढत्या वयाच्या मुलांच्या पालकांनी एक हिशोब आधीच करावा. बाराव्या वर्षी 24 इंच ओढ असलेला मुलगा सोळाव्या वर्षी 27 वर जाऊ शकतो. त्याला पहिल्याच वेळी महागडे लिम्ब घेऊन देण्यात अर्थ नाही. आयएलएफ जोडणीचा बरा रायझर एकदा घ्यावा, त्या जोडणीत निरनिराळ्या उत्पादकांचे लिम्ब बसतात. सुरुवातीला 23 इंचांच्या रायझरवर आखूड, हलके, स्वस्त लिम्ब लावले की 64 इंचांचं धनुष्य होतं. ओढ वाढली की मध्यम लिम्ब, मग लांब. दर सहा महिन्यांनी भिंतीशी उभं करून हात मोजावेत आणि मैदानात खुणा केलेल्या बाणावर ओढ तपासावी. लिम्ब बदलले की दोरीही बदलते. ती धनुष्याच्या लांबीपेक्षा तीन इंच आखूड असते, म्हणजे 64 इंचांच्या धनुष्याला 61 इंचांची आणि 68 इंचांच्या धनुष्याला 65 इंचांची. दुकानात पाकिटावर बहुतेकदा धनुष्याची लांबी छापलेली असते, दोरीची नव्हे, म्हणून मागताना दोन्ही आकडे सांगावेत.